शाळा व्यवस्थापन समिती: पालकांची निवड, लागणारे कागद आणि तक्रारीची वाट

जिल्हा परिषद, नगरपालिका, महापालिका आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असलीच पाहिजे, असं शिक्षण हक्क कायदा 2009 चं कलम 21 सांगतं. तरी अनेक पालकांना समिती झाल्याचं कळतं ते व्हरांड्यातल्या फलकावर नावं रंगवल्यावर. शाळा आणि गाव यांच्यातला संवाद तुटतो तो इथेच.

कोण होऊ शकतं?
मूल त्या शाळेत शिकत असेल तर आई, वडील किंवा पालक. शिक्षणाची अट नाही; अंगठा करणारी आजी नातवाची पालक असेल तर तीही चालते. किमान 75 टक्के सदस्य पालक आणि निम्म्या महिला हव्यात. वंचित व दुर्बल घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्याव्या लागतात. अध्यक्ष पालकांमधूनच निवडायचा, सचिव मुख्याध्यापक. समिती दर 2 वर्षांनी नव्याने होते.

अर्ज कुठे मिळतो?
छापील अर्ज नसतो. निवड पालकसभेत होते, त्यामुळे सगळं अडतं ते सभेच्या सूचनेवर. आदल्या संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला निरोप मजुरीला जाणाऱ्या आईच्या काय कामाचा? समितीची मुदत संपत आली की मुख्याध्यापकांच्या नावे साधं पत्र द्या: ‘माझा पाल्य इयत्ता अमुकमध्ये शिकतो. समितीचा सदस्य होण्याची माझी इच्छा आहे. पालकसभेची तारीख लेखी कळवावी.’ दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. पोच नसलेला कागद दिला काय नि न दिला काय, सारखंच. ओळखपत्र जवळ असू द्या. वंचित किंवा दुर्बल घटकाच्या जागेसाठी उभे राहणार असाल, तर जातीचा किंवा उत्पन्नाचा दाखलाही.

निवड झाल्यावर
बैठक महिन्यातून एकदा. खरी मेख इतिवृत्ताच्या वहीत असते. वर तारीख, खाली सह्यांची रांग आणि मधलं पान कोरं: असं पान पुढे आलं तर सही करू नका, मग गुरुजी कितीही ओळखीचे असोत. आधी ठराव लिहायला लावा, मोठ्याने वाचून घ्या, मग सही. अनुदान कुठे खर्च झालं ते पाहणं आणि 3 वर्षांचा शाळा विकास आराखडा तयार करणं ही समितीचीच कामं आहेत. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांत मात्र समिती फक्त सल्ला देऊ शकते.

सदस्य नसलात तरी
इतिवृत्त कोणत्याही पालकाला पाहता आलं पाहिजे. टाळाटाळ झाली तर माहिती अधिकारात अर्ज करा: शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस; दारिद्र्यरेषेखालील कार्ड जोडल्यास शुल्क माफ. मुलाच्या हक्काची तक्रार असेल तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 32 खाली स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे जिल्हा परिषदेकडे किंवा पालिकेकडे, लेखी द्या. निर्णय 3 महिन्यांत व्हायला हवा. पटला नाही तर अपील राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे.

विनाअनुदानित खासगी शाळांना ही समिती लागू नाही. तिथे 2011 च्या शुल्क विनियमन कायद्याप्रमाणे पालक-शिक्षक संघ असतो आणि त्याच्या कार्यकारी समितीवरचे पालक इच्छुकांमधून चिठ्ठ्या टाकून निवडायचे असतात. तेव्हा वर्ष सुरू होताच इच्छुक म्हणून नाव लेखी द्या आणि सोडत पालकांसमोर काढा म्हणून आग्रह धरा.