रेंजवर जमतं, कोर्सवर का नाही?

बुधवारी संध्याकाळी ड्रायव्हिंग रेंजवर, म्हणजे नुसते चेंडू मारायच्या सरावाच्या जागी, माझी गोल्फची शिकवणी असते. हातात सेव्हन आयर्न हा मध्यम अंतराचा क्लब (गोल्फची काठी), पायाशी पन्नास चेंडूंची बादली. पहिले दहा-बारा चेंडू इकडेतिकडे जातात. सर प्रत्येक चेंडूनंतर काहीतरी सांगतात. "डावा हात सरळ, मॅडम." "डोकं हललं." "कंबर आधी वळू द्या." पंचविसाव्या चेंडूच्या आसपास सूर लागतो. तिसावा चेंडू क्लबच्या अगदी मधोमध बसतो, तळहाताला झिणझिण्या येत नाहीत, नुसता 'टक्' असा आवाज होतो आणि चेंडू शंभर यार्डांच्या पाटीवरून पलीकडे जातो. मी खुशीत घरी यायचे. रविवारी सकाळी कोर्सवर, म्हणजे खऱ्या खेळाच्या मैदानावर, पहिल्याच होलला तोच क्लब हातात घ्यायचे आणि चेंडू उजवीकडच्या झाडीत जायचा.

असं दीड वर्ष गेलं. स्कोअर, म्हणजे पूर्ण फेरीला लागणारे शॉट, ११० च्या खाली येईना. तो जितका कमी तितका खेळ चांगला. वय आडवं येतंय असंच मी धरून चालले होते. मग माणूस हालचाली कशा शिकतो, या विषयावर गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत झालेलं संशोधन वाचायला घेतलं आणि बुधवारच्या त्या खुशीकडे मी संशयाने पाहू लागले.

आधी चेंडूला नेमकं काय होतं ते पाहू. नियमाप्रमाणे गोल्फचा चेंडू ४५.९३ ग्रॅमपेक्षा जड आणि ४२.६७ मिलिमीटर व्यासापेक्षा लहान चालत नाही. क्लब आणि चेंडू एकमेकांना चिकटलेले असतात तो काळ सुमारे अर्धा मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा दोन हजारावा भाग. ड्रायव्हर या सगळ्यांत लांब मारायच्या क्लबचं डोकं सेकंदाला ४० मीटर वेगाने येत असेल, तर तेवढ्या वेळात ते जेमतेम २ सेंटिमीटर पुढे सरकतं. चेंडूची दिशा, उंची, फिरकी हे सगळं त्या २ सेंटिमीटरांत ठरून जातं. चेंडू लक्ष्यापासून एक अंश तिरका निघाला, तर २०० मीटरवर तो साडेतीन मीटर बाजूला पडतो. सहा अंश तिरका निघाला तर एकवीस मीटर, म्हणजे थेट गवतात किंवा झाडीत.

या अर्ध्या मिलिसेकंदाबद्दल शिकवणारेही बराच काळ चुकत होते. चेंडू आधी स्विंगच्या वाटेने निघतो आणि मग क्लबचं तोंड (चेंडूला लागणारी बाजू) जिकडे असेल तिकडे वळतो, असं सांगितलं जायचं. चेंडूचा माग काढणारी रडार यंत्रं आली, त्यांत डेन्मार्कचं ट्रॅकमॅन सगळ्यांत गाजलं, आणि उलट चित्र समोर आलं. चेंडू निघतो तो मुख्यतः क्लबचं तोंड जिकडे आहे त्या दिशेने, आणि पुढे किती वळतो ते तोंडाची दिशा आणि स्विंगची वाट यांच्यातल्या फरकावर ठरतं. उजवीकडे वळणारा चेंडू आवरण्यासाठी आणखी डावीकडे स्विंग करत राहणारा माणूस तो फरक स्वतःच वाढवत असतो.

आता सरांच्या सूचनांकडे येऊ. क्लब वरून खाली चेंडूपर्यंत यायला साधारण पाव सेकंद लागतो. डोळ्यांना काही दिसून हाताने त्याला प्रतिसाद द्यायचा तर त्यालाच एक पंचमांश सेकंद जातो. म्हणजे क्लब खाली येऊ लागल्यावर 'डावा हात सरळ' हे आठवून दुरुस्ती करायला मेंदूला सवडच नसते. हालचाल आधीच बांधून झालेली असते आणि त्यात मध्येच घातलेला हात ती बिघडवतो.

गाब्रिएल वुल्फ या संशोधिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये हे गोल्फवरच तपासलं. कधीही न खेळलेल्या लोकांना छोटा उंच शॉट शिकवला. एका गटाला सांगितलं, आपल्या हातांच्या हालचालीकडे लक्ष द्या. दुसऱ्याला सांगितलं, क्लबच्या हालचालीकडे लक्ष द्या. बाकी शिकवणी सारखीच. दुसऱ्या गटाचे चेंडू लक्ष्याच्या जास्त जवळ पडले आणि नंतर सूचना न देता घेतलेल्या चाचणीतही तोच गट पुढे राहिला. पुढे इतर अनेक हालचालींबाबतही हाच निष्कर्ष आला. भाकरी थापणाऱ्या बाईला विचारा, कोणतं बोट कधी दाबता? तिला सांगता येणार नाही. तिचं लक्ष भाकरीच्या कडेवर असतं आणि बोटं आपोआप कडेमागे जातात.

शब्दांत साठवलेल्या नियमांचा आणखी एक धोका आहे. रिच मास्टर्स या संशोधकाने १९९२ मध्ये पटिंगवर, म्हणजे होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर (ग्रीनवर) चेंडू हलकेच टोलवून होलमध्ये घालण्यावर, प्रयोग केला. काहींना पटिंगच्या तपशीलवार सूचना दिल्या. काहींना पट करतानाच मनाला येतील तशी अक्षरं मोठ्याने म्हणायला लावली, म्हणजे त्यांना मनात नियम रचायला फुरसत मिळू नये. नंतर मुद्दाम ताण आणला, तेव्हा सूचना मिळालेल्यांची प्रगती अडली आणि अक्षरं म्हणत शिकलेल्यांची सुरूच राहिली. पहिल्या टीवर, म्हणजे पहिला चेंडू मारायच्या जागी, मागे चारजण आपली पाळी यायची वाट पाहत उभे असताना डोक्यात सात सूचना घोळवणाऱ्या माणसाला हे वेगळं समजावायची गरज नाही.

पण मला सगळ्यात जास्त हलवून सोडलं ते जॉन शे आणि रॉबिन मॉर्गन यांच्या १९७९ च्या प्रयोगाने. त्यात गोल्फचा संबंध नव्हता. हातात टेनिसचा चेंडू घेऊन लाकडी फळ्या ठरलेल्या क्रमाने झटपट पाडायच्या होत्या. असे तीन क्रम शिकायचे होते. एका गटाने पहिला क्रम पुरता घटवला, मग दुसरा, मग तिसरा. दुसऱ्या गटाने तिन्ही सरमिसळ केले. सरावात पहिला गट स्पष्टपणे वेगवान होता. दहा मिनिटांनी आणि पुन्हा दहा दिवसांनी परीक्षा घेतली तेव्हा मात्र सरमिसळ करणारे पुढे होते.

माझा तिसावा चेंडू इतका सुरेख का जायचा, ते मला इथे कळलं. तो एकोणतिसाव्याची किंचित सुधारलेली नक्कल असायचा. हालचाल नव्याने उभी करावी लागतच नव्हती. कोर्सवर तर एकाच क्लबने एकाच जागेवरून लागोपाठ दोनदा कोणी मारत नाही. एक शॉट झाला की पाच मिनिटं चालायचं, वारा बघायचा, उतार बघायचा, दुसरा क्लब काढायचा. मी बुधवारी ज्याची तयारी करत होते, तो खेळ रविवारी खेळलाच जात नव्हता. प्रत्येक चेंडूनंतर मिळणाऱ्या सूचनेचंही तसंच. १९८४ मध्ये सॅल्मोनी, श्मिट आणि वॉल्टर यांनी त्या विषयावरचं जुनं संशोधन एकत्र तपासून दाखवलं की सतत सूचना मिळत राहिल्या तर शिकणारा त्यांवरच विसंबतो आणि स्वतःची चूक ओळखायला शिकत नाही.

कसा सराव करायचा हे कळलं, पण कशाचा? 'स्कोअर ग्रीनवर कमी होतो' ही गोल्फमधली जुनी म्हण. तिला आकड्यांनी हात घातला तो कोलंबिया विद्यापीठातल्या मार्क ब्रॉडी यांनी. त्यांची कल्पना सोपी आहे. व्यावसायिक खेळाडू ८ फुटांवरून साधारण निम्म्या वेळा एका पटमध्ये चेंडू होलमध्ये घालतात, म्हणजे तिथून सरासरी दीड शॉट लागतो. तुम्ही एकात घातला तर अर्धा शॉट कमावला, दोन लागले तर अर्धा गमावला. असा हिशेब प्रत्येक शॉटचा मांडायचा. पीजीए टूरने २०११ मध्ये पटिंगसाठी ही मोजणी स्वीकारली. ब्रॉडींना आढळलं ते असं, की चांगल्या आणि सामान्य खेळाडूंमधल्या फरकाचा सुमारे दोन तृतीयांश भाग १०० यार्डांपेक्षा लांबच्या शॉटमधून येतो.

मग पटिंग सोडून द्यायचं का? अजिबात नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये, ऑगस्ट २०२१ मध्ये, आई कॅडी म्हणून, म्हणजे क्लबची पिशवी सांभाळायला, सोबत असलेल्या भारताच्या अदिती अशोकने ६७, ६६, ६८, ६८ असे चार फेऱ्यांत २६९ शॉट खेळले. कांस्यपदक मिळालं ते २६८ ला. तिचा ड्राइव्ह, म्हणजे ड्रायव्हरने मारलेला पहिला शॉट, सुवर्णपदक जिंकणाऱ्या नेली कॉर्डासारख्या खेळाडूंपेक्षा आखूड होता. ती पदकाच्या शर्यतीत टिकली ती पटरच्या, म्हणजे पटिंगच्या क्लबच्या, बळावर. ब्रॉडींचा आकडा सगळ्यांच्या सरासरीचा आहे. एखाद्या आठवड्यात एखादी फेरी पटर उचलून धरतो, तेही त्यांच्याच आकड्यांत दिसतं.

पटिंगमध्येही मी आधी दिशेच्या मागे लागले होते. वेगाचं गणित मांडल्यावर दृष्टी बदलली. होलचा व्यास १०८ मिलिमीटर. चेंडू होलवरून जाताना निदान अर्धा, म्हणजे सुमारे २१ मिलिमीटर खाली आला तर अडकणार. तेवढं पडायला सेकंदाचे ६६ सहस्रांश लागतात आणि त्या वेळात पार करायला अंतर मिळतं सुमारे ८७ मिलिमीटर. म्हणजे सेकंदाला १.३ मीटरपर्यंतचा चेंडू सहज आत पडतो. मागच्या कडेला आपटून पडणारे धरले, तर ब्रायन होम्स यांनी १९९१ मध्ये काढलेली मर्यादा सेकंदाला १.६३ मीटर. ही झाली अगदी मधोमध आलेल्या चेंडूची गोष्ट. चेंडू जितका वेगात, तितका तो मधूनच यावा लागतो. वेगात आलेल्या चेंडूपुरतं होल खरोखरच अरुंद होतं.

आता बुधवारी बादली तीच असते. पण मी डोळ्यांसमोर आमच्या कोर्सचा पहिला होल आणते. ड्रायव्हरने एक चेंडू. तो जिथे पडला असता तिथून उरलेलं अंतर मोजून आयर्नने दुसरा. मग वेज या जवळच्या उंच शॉटच्या क्लबने तिसरा. एक क्लब सलग दोनदा हातात घ्यायचा नाही. चेंडू अजून चुकतात, पूर्वीपेक्षा जास्तच चुकतात, आणि तो 'टक्' आवाज क्वचित ऐकू येतो. सरांना मी हे सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. हल्ली ते मागच्या बाकावर बसतात. चार-पाच चेंडू झाले की विचारतात, "आत्ताचा क्लबला कुठे लागला, टाचेला की टोकाला?" मी उत्तर दिल्यावरच स्वतःचं मत सांगतात. शेवटची वीस मिनिटं सरावाच्या ग्रीनवर जातात. तिथे तीस, पंधरा, चाळीस, आठ फूट असं अंतर दर वेळी बदलत पट करायचं आणि चेंडू थांबायच्या आत मोठ्याने सांगायचं, लांब गेला की आखूड पडला.

गेल्या महिन्यात पहिल्यांदा कार्डावर ९८ लिहिलं. त्यात तीन पट लागलेले होल दोनच होते.