सबस्क्रिप्शनचा सापळा

सबस्क्रिप्शनचा सापळा म्हणजे फुकट किंवा एक-दोन रुपयांची ट्रायल दाखवून साइन-अप करून घ्यायचं, त्याच फटक्यात कार्डावर नाहीतर यूपीआयवर ऑटोपेची परवानगी काढून घ्यायची आणि मग दर महिन्याला, कधीकधी दर आठवड्याला, पैसे कापत राहायचं. बंद करायचं बटण असतं, पण ते कुठेतरी पाचव्या पानावर. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला डार्क पॅटर्नवर, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या ॲप-साइटवरच्या मांडणीवर, जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात १३ प्रकार दिलेत, त्यातलाच हा एक. आणि गंमत म्हणजे 'फुकट' सेवेसाठी पेमेंटचे डिटेल्स किंवा ऑटो-डेबिटची परवानगी सक्तीने मागणं हेसुद्धा त्यातच धरलंय, म्हणजे पैसे कापायच्या आधीच चूक झालेली असते, फक्त हे कोणी सांगत नाही.

ठाणे-नवी मुंबईत यात सापडणारे लोक बावळट वगैरे नसतात. ऐरोली-घणसोलीच्या आयटी पार्कात नोकरी शोधणारे रेझ्युमे बनवायच्या साइटवर अडकतात, घोडबंदर रोडच्या सोसायट्यांमधले आईबाप मुलांच्या लर्निंग ॲपवर, आजी-आजोबा पत्रिकेच्या ॲपवर, आणि हल्ली दीड-दोन मिनिटांच्या एपिसोडच्या सिरियली दाखवणारी जी ॲप्स आलीत त्यांच्यावर तर कोणीही. सगळ्यात नेहमीचा प्रकार मात्र पीडीएफचा: भरतीच्या फॉर्मची शेवटची तारीख, रात्रीचे साडेअकरा, फाइल २०० केबीच्या आत पाहिजे, सर्च करून पहिली साइट उघडली, फाइल छोटी झालीसुद्धा आणि डाउनलोड दाबल्यावर म्हणतात फक्त एक डॉलर द्या. त्या घाईत खालची करड्या रंगातली ओळ कोण वाचतो, की ७ दिवसांनी दर महिन्याला पूर्ण फी लागेल. परदेशी साइट असेल तर बऱ्याचदा ओटीपीही येत नाही, नुसता कार्ड नंबर, कार्डाची मुदत आणि मागचे तीन आकडे पुरतात, वर बँकेचा फॉरेन करन्सी मार्कअप, म्हणजे परकी चलनातल्या व्यवहाराचा जादा आकार, आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी वेगळा.

यूपीआयची गोष्ट जरा वेगळी, कारण तिथे पिन आपणच टाकतो. स्क्रीनवर मोठ्या अक्षरात ₹१ दिसतो म्हणून आपल्याला वाटतं एक रुपयाचंच पेमेंट आहे, पण तो असतो मँडेट, म्हणजे पुढेही आपोआप पैसे कापायची परवानगी. तीच स्क्रीन खाली सरकवली की कमाल रक्कम लिहिलेली असते, ती ₹९९९ असू शकते नाहीतर ₹५,०००, मग किती दिवसांनी कापणार ते, आणि शेवटी वैधतेची तारीख, जी बिनधास्त दहा-वीस वर्षं पुढची असते. या तीन ओळी वाचल्या तर अर्धा प्रश्न तिथेच मिटतो. यूपीआय ऑटोपे एनपीसीआयने, म्हणजे यूपीआय चालवणाऱ्या संस्थेने, जुलै २०२० मध्ये आणलं, आणि एकदा मँडेट झाला की ₹१५,००० पर्यंतच्या पुढच्या हप्त्यांना पिन लागत नाही. कार्डाच्या ई-मँडेटलाही हीच मर्यादा आहे, आधी ती ₹५,००० होती, जून २०२२ मध्ये वाढवली.

रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पैसे कापायच्या किमान २४ तास आधी मेसेज यायलाच पाहिजे, त्यात कोणाला, किती, कधी हे असतं आणि त्या व्यवहाराला नाही म्हणायची सोयही. येतो तो मेसेज, नाही असं नाही, पण लोनच्या ऑफर आणि लॉटरीच्या ढिगात तो दिसतो कोणाला.

पैसे कापले गेल्यावर माणूस बँकेत धावतो, आणि नौपाड्याची शाखा असो की वाशी सेक्टर १७ ची, काउंटरवर ठरलेलं उत्तर मिळतं, की सर, पिन तुम्हीच टाकलाय, हा फ्रॉड नाही. तांत्रिकदृष्ट्या ते खरंही आहे. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या सर्क्युलरप्रमाणे तिसऱ्याच कोणीतरी केलेला व्यवहार ३ कामकाजाच्या दिवसांत कळवला तर ग्राहकावर काहीच जबाबदारी येत नाही, पण ते अनधिकृत व्यवहारासाठी. इथे परवानगी दिलेली असते, फक्त ती फसवून घेतलेली असते. म्हणून 'माझ्या खात्यात फ्रॉड झाला' असं लिहिलं की तक्रार दोन दिवसांत बंद होते. त्यापेक्षा 'आवर्ती शुल्काची माहिती साइन-अपच्या वेळी ठळक दिली नव्हती, अमुक तारखेला रद्द केलं तरी पैसे कापले' असं लिहायचं आणि स्क्रीनशॉट जोडायचे. टिक आधीच मारून ठेवलेली असेल तर तेही लिहायचं, ई-कॉमर्स नियम २०२० मध्ये आधीच टिक केलेल्या चौकोनाला संमती म्हणून धरता येत नाही.

पण भांडण नंतर, आधी नळ बंद करायचा. ॲप अनइन्स्टॉल केल्याने सबस्क्रिप्शन बंद होत नाही, हा गैरसमज इतका पक्का आहे की शिकलेसवरलेले लोकही ॲप उडवून निर्धास्त होतात. अँड्रॉइडवर प्ले स्टोअरच्या पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्समध्ये जायचं, आयफोनवर सेटिंग्जमध्ये स्वतःच्या नावावर टॅप करून सबस्क्रिप्शन्स. यूपीआय असेल तर ज्या ॲपवरून मँडेट दिला त्यात ऑटोपे किंवा मँडेट्स उघडून रिव्होक, म्हणजे कायमचं रद्द, करायचं, पॉज नाही, रिव्होक. कार्ड असेल तर बँकेच्या ॲपमध्ये स्टँडिंग इन्स्ट्रक्शन शोधा, आणि परदेशी साइट असेल तर इंटरनॅशनल ऑनलाइन व्यवहाराचा स्विच तिथल्या तिथे ऑफ करा. कार्ड ब्लॉक करून नवं मागवणं हा शेवटचा उपाय, कारण मग महावितरणच्या बिलापासून सगळं परत जोडत बसावं लागतं. प्रीपेड मोबाइलचा बॅलन्स कुठल्यातरी कॉलर ट्यूनपायी उडत असेल तर १५५२२३ वर कळवायचं, तो नंबर त्यासाठीच आहे.

कस्टमर केअरला फोन केलाच तर पलीकडचा माणूस गोड बोलून तीन महिने निम्म्या किमतीत देतो म्हणेल, कारण त्याला थांबवायलाच बसवलेलं असतं. चॅट किंवा ईमेलच बरा, लेखी राहतं.

पैसे परत मागायला पहिला दरवाजा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा, १९१५, मराठीत बोलता येतं. बऱ्याच मोठ्या कंपन्या तिथे जोडलेल्या आहेत, त्यामुळे तक्रार थेट त्यांच्याकडे पोचते आणि दोन-पाचशे रुपयांसाठी फाटे फोडण्यापेक्षा कंपनी पैसे देऊन मोकळी होऊ शकते. साइटच बोगस निघाली तर मात्र वेळ न घालवता १९३०, तो सायबर फसवणुकीचा नंबर. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस या तिच्या तक्रारींच्या पोर्टलवर जाता येतं.

यातलं काहीच चाललं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो तिथेच तक्रार करता येते, कंपनी बंगळुरूची असो की गुरुग्रामची, २ वर्षांच्या आत करायची, ₹५ लाखांपर्यंत फी नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. ठाण्याचा आयोग आहेच, नवी मुंबईकरांसाठी अतिरिक्त आयोग बेलापूरच्या कोकण भवनात. खारघर-कामोठेवाल्यांची मात्र पंचाईत, पत्ता नवी मुंबई असा लिहिला तरी जिल्हा रायगड, म्हणजे आयोग अलिबागला! ऑनलाइन दाखल करायची सोय आहे म्हणून बरं. कागद कसे लावायचे हे समजत नसेल तर १९७५ पासून काम करणारी मुंबई ग्राहक पंचायत मार्गदर्शन करते.

भारतात ऑफिसच नसलेल्या त्या पीडीएफवाल्या साइटपुढे १९१५ चा फारसा जोर चालत नाही. तिथे कार्डाचा चार्जबॅक, म्हणजे बँकेमार्फत दुकानदाराकडून पैसे परत मागवणं, कामाला येतो: बँकेच्या डिस्प्यूट फॉर्ममध्ये 'रद्द केलेलं आवर्ती पेमेंट' हे कारण निवडायचं आणि रद्द केल्याचा ईमेल जोडायचा. मुदत साधारण १२० दिवसांची असते, पण बँका त्याआधीच हात वर करतात, तेव्हा स्टेटमेंट दिसल्याच्या आठवड्यातच टाकलेला बरा.