बराइट: वजनाने भारी, अंगाने मऊ

बराइट या खनिजाचा मुठीएवढा खडा हातात घेतला की हात खाली जातो. दिसायला तो पांढुरका, करडा किंवा पिवळसर, गारगोटी किंवा कॅल्साइटच्या तुकड्यासारखाच. फरक आहे तो वजनात. गारगोटीचं विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या किती पट जड) २.६५, तर शुद्ध बराइटचं सुमारे ४.५. धातूची चमक नसलेल्या दगडात एवढं वजन क्वचितच आढळतं.

ओळख पटवायला प्रयोगशाळा लागत नाही. खडा दोऱ्याने बांधून ताणकाट्यावर तोला, मग पाण्यात पूर्ण बुडवून पुन्हा तोला. हवेत ४५० ग्रॅम भरलेला चांगला बराइट पाण्यात ३५० च्या आसपास भरतो. ४५० ला घटलेल्या १०० ने भागलं की ४.५. कॅल्साइटचा तेवढ्याच वजनाचा खडा पाण्यात २८५ च्या जवळ येईल. चाकूच्या टोकाने बराइटवर सहज ओरखडा उठतो, कारण १ ते १० च्या मोहस मापनावर त्याची कठिनता ३ ते ३.५ इतकीच आहे. त्यावर हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला तर कॅल्साइटसारखा फेस येत नाही, काहीच होत नाही.

रासायनिकदृष्ट्या हे बेरियम सल्फेट. बेरियमचं नावच मुळी ‘जड’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलं. भारतातला मोठा साठा आंध्र प्रदेशात, पूर्वीच्या कडप्पा जिल्ह्यातल्या मंगमपेटला आहे आणि जगातल्या मोठ्या साठ्यांत त्याची गणना होते. तिथे बराइट शिरांमध्ये नव्हे, तर जाड थरांत आहे. म्हणूनच तो उघड्या खाणीतून काढता येतो. महाराष्ट्रात चंद्रपूर, गडचिरोलीकडे तो सापडतो, पण त्या मानाने फार थोडा.

जगात निघणाऱ्या बराइटचा बहुतांश भाग तेल आणि वायूच्या विहिरींत जातो. खोदकाम चालू असताना पाइपातून सतत एक गढूळ द्रव खाली सोडतात, त्याला मड म्हणतात. तो ड्रिल बिट (खोदणारं टोक) थंड ठेवतो, दगडाचा चुरा वर आणतो आणि खडकातल्या तेल-वायूचा दाब तोलून धरतो. हे तिसरं काम वजनाचं. ३००० मीटर खोलीवर साध्या पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला ३०० किलो भरतो, १.५ घनतेच्या मडचा ४५०. खालचा वायू ४०० किलोच्या दाबाने ढकलत असेल, तर पाणी उधळून वर येईल आणि मड त्याला जागीच रोखेल.

हे वजन किती बराइटने वाढतं? १.२ घनतेच्या एक घनमीटर मडला १.५ वर न्यायला ४.२ गुरुत्वाची सुमारे ४६७ किलो भुकटी लागते आणि मडचं आकारमान जवळपास १११ लिटरने वाढतं. ही जागा टाकीत आधीच मोकळी हवी. भुकटी एकदम ओतली तर गुठळ्या होतात, म्हणून ती हॉपरमधून (नरसाळ्यासारख्या पेटीतून) संथ धारेने सोडतात.

लोहखनिज हेमटाइट बराइटपेक्षाही जड, मग ते का नको? ते कठीण आहे. पंपाचे भाग आणि पाइप ते घासून काढतं. बराइट मऊ असल्याने ही झीज बरीच कमी होते. भुकटीत वाळूची भेसळ असेल तर मात्र हा फायदा गेलाच, शिवाय गुरुत्वही घसरतं. त्यामुळे माल घेताना तपासणी होतेच. वाळवलेली ८० ग्रॅम भुकटी केरोसीन भरलेल्या ल शातेलिए फ्लास्कमध्ये (मापाच्या खुणा असलेल्या अरुंद मानेच्या काचपात्रात) सोडायची आणि पातळी किती मिलिलिटर चढली ते पाहायचं. १९ च्या आसपास चढली तर गुरुत्व ४.२. २० चढली तर ४.०, म्हणजे माल हलका. केरोसीन वापरण्याचं कारण असं की ते भुकटीला नीट भिजवतं, हवेचे बुडबुडे अडकत नाहीत. दळणही बेताचं हवं: ७५ मायक्रॉनपेक्षा जाड कण ३ टक्क्यांच्या आत, कारण जाड कण खाली बसतात, आणि फार बारीक कण ठरावीक प्रमाणातच, कारण त्यांनी मड घट्ट होतं.

सर्वांत त्रासदायक बिघाड तिरप्या विहिरीत होतो. मडचं अभिसरण थांबलं की बराइट खालच्या भिंतीवर बसतो आणि तिथून थरच्या थर घसरत तळाकडे जातो. वरचं मड हलकं पडतं, दाब घटतो आणि वायू आत शिरायला वाट मिळते. उलट गरजेपेक्षा जड मड सोडलं तर खडकालाच भेगा पडतात आणि मड त्यांत वाहून जातं.

इस्पितळातला उपयोग बहुतेकांना ठाऊक असतो. अन्ननलिका आणि जठराच्या एक्स-रेसाठी किरण अडवणारं शुद्ध बेरियम सल्फेट पाजतात. बेरियमचे विरघळणारे क्षार विषारी असतात, पण सल्फेट लिटरभर पाण्यात दोन-अडीच मिलिग्रॅमच विरघळतं, म्हणून ते शरीरात न भिनता बाहेर पडतं. शुद्धतेत इथे तडजोड चालत नाही. बेरियम कार्बोनेट जठरातल्या आम्लात विरघळतं आणि जिवावर बेततं. एक्स-रे खोलीच्या भिंतींना बराइटचं प्लॅस्टर देतात तेही किरण अडवण्याच्या याच गुणामुळे: बेरियमचे जड अणू किरण शोषून घेतात. बराइट खडी घातलेलं काँक्रीट घनमीटरला साडेतीन टनांपर्यंत भरतं, साधं २.४ टन. त्यामुळे साचे आणि टेकू मजबूत लागतात. व्हायब्रेटर जास्त वेळ फिरवला तर जड खडी तळाशी जाते आणि भिंतीचा वरचा भाग कमकुवत ढाल ठरतो.

रंग, रबर आणि ब्रेक लायनिंगमध्ये तो भरणद्रव्य म्हणून जातो.

आम्लाला दाद न देण्याचा गुण तेलविहिरीत मात्र महागात पडतो. तेल साठवणाऱ्या खडकाच्या छिद्रांत बराइट अडकला तर आम्ल ओतूनही तो निघत नाही. म्हणून त्या थरात खोदताना आम्लात विरघळणारा कॅल्शियम कार्बोनेट वापरणं पसंत करतात. आणि बराइट न घालताही तो हजर होऊ शकतो. दाब टिकवण्यासाठी समुद्राचं पाणी खडकात सोडतात तेव्हा त्यातलं सल्फेट आणि खडकातल्या पाण्यातलं बेरियम एकत्र येऊन पाइपाच्या आत बेरियम सल्फेटचं कठीण कवच चढतं. ते यंत्राने खरवडून किंवा बेरियमला पकडणारी खास रसायनं तासन्‌तास भरून ठेवून काढावं लागतं. त्यात कधी कधी रेडियमही अडकलेलं असतं, म्हणून खरवडलेला गाळ फेकण्याआधी त्याचा किरणोत्सार मोजतात.