मध्य आणि मध्यक: एका ‘क’चा हिशेब

परवा वरच्या मजल्यावरची चिमी वही आपटतच घरात आली. दहावीला आहे, बीजगणितात सांख्यिकीचा धडा चालू आहे. “काका, मध्य विचारला होता, मी मध्यक काढला. बाईंनी सरळ शून्य दिलं. एका ‘क’साठी!”

वही बघितली. आकडेमोड चोख होती, पण उत्तर भलत्याच प्रश्नाचं होतं. तरी मला तिची बाजू घ्यावीशी वाटली. जन्मभर आपण ज्याला सरासरी म्हणतो, त्याचं दहावीच्या पुस्तकात अचानक ‘मध्य’ होतं आणि शेजारी जुळ्या भावासारखा ‘मध्यक’ येऊन बसतो. त्यात बोलताना आपण ‘ॲव्हरेज’ कुठेही टाकतो. “गाडी ॲव्हरेज किती देते?” इथे निदान भागाकार तरी आहे. “पिक्चर कसा होता?” “ॲव्हरेज.” इथे तोही नाही.

योगायोग असा की त्याच आठवड्यात आमच्या घरमालकाचं पत्र आलं होतं. गिरगावातली आमची इमारत पागडीची (म्हणजे सुरुवातीला एकदाच मोठी रक्कम द्यायची आणि मग नाममात्र भाड्याने राहायचं), आणि भाडेकरूंचा हिशेब माझ्याकडे. पत्राचा मतलब एवढाच, की इमारतीतलं सरासरी भाडं महिना साडेतीन हजार आहे, तेव्हा दुरुस्तीसाठी प्रत्येक खोलीने महिन्याला हजार रुपये दिले तर ते कोणाला जड जाऊ नये. पहिल्या मजल्यावरचे आजोबा पत्र वाचून माझ्याकडे आले. “मी दोनशे दहा भरतो रे. हा साडेतीन हजार कोणाचे सांगतोय?”

कोणाचेच नाहीत. मी चिमीला पावत्यांचं पुस्तक दिलं आणि अकरा भाडी चढत्या क्रमाने लिहायला सांगितली: १८०, १९५, २१०, २२५, २४०, २५५, २७०, २८५, ३०५, ३३५ आणि शेवटचं ३६,०००. शेवटची खोली घरमालकाच्या स्वतःच्या ताब्यातली, ती त्याने लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या कराराने बाजारभावात दिली आहे. बाकीचे दहा जण जुने. त्यांची भाडी १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने गोठली होती, आणि १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाल्यावर वर्षाला चार टक्क्यांच्या पावलाने ती सरकू शकली. मुंबईबाहेरच्या माणसाला ही यादी छापखान्याची चूक वाटेल. दक्षिण मुंबईत असे जिने शेकड्याने सापडतील.

“आता मध्य काढ.” दहा जुन्या भाड्यांची बेरीज २,५०० आली, त्यात ३६,००० मिळवले की ३८,५००, भागिले अकरा, बरोबर ३,५००. म्हणजे घरमालक खोटं बोलत नव्हता.

“आता मध्यक.” अकरातला सहावा, पाच इकडे आणि पाच तिकडे: २५५ रुपये.

एकाच पावती पुस्तकातून साडेतीन हजारही निघाले आणि दोनशे पंचावन्नही, आणि दोन्ही खरे. मध्य विचारतो, सगळे पैसे एका ढिगात टाकून सारखे वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला किती येतील? मध्यक विचारतो, सगळ्यांना चढत्या क्रमाने रांगेत उभं केलं तर मधोमध कोण उभा आहे? मध्याला माणसं दिसत नाहीत, फक्त ढीग दिसतो. मध्यकाचं उलट आहे, त्याला रांग दिसते आणि ढिगाशी देणंघेणं नसतं.

म्हणून घरमालकाच्या वहीत मध्यच हवा. ३,५०० गुणिले अकरा केलं की त्याच्या हातात महिन्याला किती येतात ते कळतं. २५५ गुणिले अकरा केलं तर २,८०५ येतात, आणि त्या आकड्याला काही अर्थ नाही. पाणीपट्टी, वीजबिल, लग्नाच्या पंगतीचं सामान, जिथे शेवटी बेरजेशी गाठ असते तिथे मध्यकाला बाजूला बसवावं. पण ‘इथल्या भाडेकरूला हजार रुपये जड जातील का’ हा प्रश्न माणसाचा आहे, ढिगाचा नाही. घरमालकाचा आकडा खरा होता, त्याने तो चुकीच्या प्रश्नाला लावला. चिमीने वहीत केलं तेच, फक्त तिला त्याचं शून्य मिळालं.

आणखी एक गंमत करून बघितली. लायसन्सवाल्याचं भाडं ३६,००० चं ६०,००० केलं. मध्य उडी मारून ५,६८२ वर गेला. मध्यक २५५ वरच, ढिम्म. मग लायसन्सवाल्याला यादीतून काढूनच टाकलं. दहा भाडी उरली की मधोमध एकटा कोणी सापडत नाही, तेव्हा मधल्या दोघांची, २४० आणि २५५ ची, सरासरी घ्यायची: २४७ रुपये ५० पैसे. आणि दहांचा मध्य २५०. एक खोली वगळल्यावर दोघं जवळजवळ गळ्यात गळे घालून उभे. मध्य आणि मध्यक यांच्यात एवढी दरी दिसली की मी आधी यादीचं वरचं टोक तपासतो, बहुधा तिथेच कोणीतरी छत्तीस हजारवाला बसलेला असतो.

(क्रिकेटवाल्यांनी इथे हात वर करू नये. फलंदाजाची सरासरी ही आणखी तिसरीच चीज. तिथे धावांना डावांनी नाही, किती वेळा बाद झाला त्या संख्येने भागतात. ब्रॅडमनच्या ६,९९६ कसोटी धावा ८० डावांतल्या, पण तो दहा वेळा नाबाद राहिला, म्हणून भागायचं ७० ने आणि येतात ९९.९४.)

आता खरी गोष्ट. चिमीच्या धड्यात ती नाही, अकरावीत भेटेल. मध्य किंवा मध्यक, दोघंही एकच आकडा सांगतात, आणि पाच बोटं सारखी नसतात हे त्या आकड्यात मावत नाही. त्यासाठी पसारा मोजावा लागतो, म्हणजे आकडे मधल्या खुंट्यापासून किती दूर पांगलेत ते.

मला ते लोकलमुळे अंगवळणी पडलं. चर्नी रोडहून अंधेरीला जायला मला सकाळी दोन स्लो गाड्या सोयीच्या आहेत. एक आठवडा मी पहिली धरली आणि दुसऱ्या आठवड्यात दुसरी. किती मिनिटं लेट, ते रोज पासाच्या पाकिटात चिठ्ठीवर लिहिलं. पहिली: ५, ६, ६, ६, ७. दुसरी: ०, १, ६, ९, १४. (आकडे चढत्या क्रमाने लावलेत. सोमवार-मंगळवारच्या क्रमाने दुसरीने काय छळ केला ते वेगळंच.) दोन्हींचा मध्य ६ आणि दोन्हींचा मध्यकही ६. नुसते हे दोन आकडे कोणी सांगितले तर या दोन गाड्यांत काडीचा फरक नाही. ऑफिसच्या दारात अंगठा लावणाऱ्याला विचारा. पहिलीच्या भरवशावर सात मिनिटं हाताशी जास्त ठेवली की काम झालं. दुसरीसाठी चौदा मिनिटं ठेवावी लागतात, आणि ती वेळेवर आली त्या दिवशी आपण ऑफिसखाली चहा पीत उभे.

हे पांगणं मोजायचं कसं? सोपा मार्ग म्हणजे सर्वांत मोठ्यातून सर्वांत लहान वजा करणं, याला विस्तार म्हणतात. पहिलीचा २ मिनिटं, दुसरीचा १४. पण विस्तार फक्त दोन टोकांकडे बघतो, मधल्या तीन दिवसांशी त्याला घेणं नाही. मग चिमी म्हणाली, “प्रत्येक दिवस सहापासून किती लांब ते काढून त्यांचीच सरासरी घ्यायची ना!” घेतली. दुसऱ्या गाडीचे फरक: उणे ६, उणे ५, शून्य, अधिक ३, अधिक ८. बेरीज? शून्य! तिने दोनदा तपासलं. पण हे होणारच. मध्य हा तराजूचा काटा आहे, दोन्ही पारडी समतोल होतात तिथेच तो उभा असतो, म्हणून फरकांची बेरीज दरवेळी शून्यच येते.

यातून सुटायला वर्ग करायचा, म्हणजे उणं चिन्ह निघून जातं: ३६, २५, ०, ९, ६४. बेरीज १३४, भागिले पाच, २६.८. याला प्रचरण म्हणतात, पण हे झालं ‘चौरस मिनिटां’त, आणि चौरस मिनिट स्टेशनच्या घड्याळात दिसत नाही. म्हणून वर्गमूळ: ५.२ मिनिटांच्या आसपास. हेच प्रमाण विचलन. पहिल्या गाडीचं असंच काढलं तर ०.६ येतं. चिन्ह नुसतं पुसून टाकूनही पसारा मोजता येतो, ते सरासरी विचलन. दुसऱ्या गाडीचं ४.४. वर्ग केल्याने लांबच्या दिवसाला जास्त वजन मिळतं, एवढा फरक. चौदा मिनिटं लेट झालेला तो एक दिवस, त्याने एकट्याने १३४ पैकी ६४ खाल्ले.

वर्गाचा हा लाडच भाड्याच्या यादीत अंगाशी येतो. अकरा भाड्यांचं प्रमाण विचलन दहा हजारांच्या वर जातं, १०,२७७. आकडे घंटेच्या आकारात (मधे गर्दी, दोन्ही टोकांना विरळ) पसरलेले असले की मध्याच्या अलीकडे-पलीकडे दोन-दोन प्रमाण विचलनांत पंचाण्णव टक्के आकडे येतात, हा ठोकताळा पुष्कळ जण डोळे मिटून वापरतात. इथे वापरून बघा. ३,५०० मधून वीस हजारांवर वजा केले तर येतात उणे सतरा हजार. म्हणजे दर महिन्याला घरमालकानेच आम्हाला सतरा हजार मोजायचे! आजोबांना हा हिशेब फार पटला.

अशा यादीला मध्यकाच्या जोडीने चतुर्थकं घ्यावीत. रांगेचे चार सारखे भाग करणाऱ्या जागा त्या. अकरांत पहिलं चतुर्थक तिसऱ्या जागेवर, २१०. तिसरं नवव्या जागेवर, ३०५. अंतर ९५ रुपये. मधली निम्मी इमारत एवढ्या टीचभर पट्ट्यात राहते. जोड्या अशा लागतात: मध्याबरोबर प्रमाण विचलन, मध्यकाबरोबर चतुर्थकं. एकाचा मध्यबिंदू आणि दुसऱ्याचा पसारा घेतला तर वरणात ताक ओतल्यासारखं होतं.

घरमालकाने सगळ्यांची भाडी चार टक्क्यांनी वाढवली, तर मध्य ३,६४० होईल, मध्यक २६५ रुपये २० पैसे, आणि प्रमाण विचलनही चार टक्क्यांनी फुगेल. त्याऐवजी प्रत्येकाला सरसकट शंभर रुपये वाढवले, तर मध्य आणि मध्यक शंभरने वर जातील, पसारा मात्र जिथल्या तिथे. तक्ता नुसता उचलून वर ठेवल्यासारखं.

मध्यकाची एवढी तरफदारी केली, पण तोही प्रत्येक वेळी धावून येत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि कुलाब्याला ७४ च्या आसपास. गिरगावात आम्ही छत्र्या वाळत घालून वाट बघत होतो, की उपनगरात गेलेली माणसं अजून परतली का नाहीत. या दोन आकड्यांचा मध्य ५०९. आणि दोनच आकडे असल्यामुळे मध्यकही ५०९. दोघांनीही ना सांताक्रूझ सांगितलं, ना कुलाबा. त्या दिवसाची बातमी मधल्या आकड्यात नव्हतीच, ती ९४४ आणि ७४ मधल्या अंतरात होती.

मुंबई आणि नागपूर यांचंही तेच. वर्षभराचं सरासरी तापमान दोन्हीकडे २७ अंशांच्या आसपास. पण नागपुरात मेच्या दुपारी पारा ४३ ला टेकतो आणि हिवाळ्याच्या रात्री १२-१३ वर उतरतो. आमच्याकडे मेमध्ये ३३-३४, आणि जानेवारीच्या रात्री १७ झाले तरी माळ्यावरून स्वेटर निघतात.

पसाऱ्यावरून आपल्याकडे एक मोठा वादही झाला आहे. अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातल्या दारिद्र्याचा अंदाज मांडताना माणशी रोज २,२५० कॅलरी हा सरासरी गरजेचा आकडा धरला. साताऱ्याकडच्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्राचं काम बघून आलेले. त्यांनी हरकत घेतली: निरोगी माणसाची गरजही माणसागणिक आणि दिवसागणिक खालीवर होते, मग सरासरीच्या खाली असलेल्या प्रत्येकाला अर्धपोटी कसं मोजता? रेषा ओढायची तर सरासरीतून दोन प्रमाण विचलनं वजा करून ओढा. दांडेकरांना ते मान्य नव्हतं. रेषा अशी खाली सरकवली की अर्धपोटी माणसांचा आकडा एकदम घटतो, तेव्हा वाद नुसता गणिताचा राहणं शक्यच नव्हतं. दांडेकर आणि सुखात्मे, दोघंही संख्येत मुरलेले, दोघंही पुण्याचे, आणि भांडण मधल्या आकड्यावर कमी, त्याच्या आजूबाजूच्या पसाऱ्यावर जास्त.

घरमालकाच्या पत्राला उत्तर द्यायचं होतं. माझा विचार होता ‘मध्यक भाडं २५५ रुपये’ असं ठसक्यात लिहायचा. आजोबा म्हणाले, मध्यक काय ते त्याला कोण समजावणार, पुन्हा पत्र येईल. शेवटी आम्ही सरासरीही लिहिली नाही आणि मध्यकही नाही. अकराच्या अकरा भाडी एकाखाली एक लिहिली आणि खाली सगळ्यांच्या सह्या घेतल्या.

चिमी ते वाचून म्हणाली, “असं चालतं तर मग मध्यक शिकवतात कशाला?”

“आपण अकराच आहोत म्हणून चाललं गं. अकरा लाख असतो तर कागद पुरला असता का?”

तिने वही उघडली आणि खोडलेल्या उत्तराखाली मध्य काढायला घेतला.