निष्ठावान विरोधी पक्ष

सरकारला विरोध करणारा, पण राज्यघटना, संसद आणि मतदारांचा कौल मानणारा पक्ष. त्याची निष्ठा राज्यव्यवस्थेशी असते, सत्तेवरच्या मंडळींशी नव्हे; म्हणून सरकार पाडण्याचा प्रयत्न हा द्रोह ठरत नाही. ब्रिटनच्या कॉमन्स सभेत १८२६ मध्ये जॉन कॅम हॉबहाऊस यांनी 'राजाचा विरोधी पक्ष' असा शब्दप्रयोग केला. १९३७ पासून तिथे विरोधी पक्षनेत्याला सरकारी तिजोरीतून वेतन मिळते.

ही सीमारेषा सातारा जिल्ह्याच्या इतिहासात ठळक दिसते. १९४३ पासून क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली इथे प्रतिसरकार, म्हणजे ब्रिटिश राजवटीला समांतर असे लोकांचे सरकार, चालले (आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग तेव्हा साताऱ्यातच होता). परकीय राजवटीला लोकांची संमतीच नव्हती, तेव्हा तिच्याशी निष्ठेचा प्रश्न येत नव्हता. १९५७ मध्ये तेच नाना पाटील साताऱ्यातून कम्युनिस्ट खासदार म्हणून लोकसभेत गेले. मुख्यमंत्रिपदी त्या वेळी कराडचे यशवंतराव चव्हाण होते. सत्तेशी झुंज चालूच राहिली, मात्र आता ती मतपेटीतून आणि सभागृहातून.

वीस वर्षांनी पारडे फिरले. १९७७ च्या निवडणुकीत काँग्रेसचा पराभव झाल्यावर त्या पक्षाचे साताऱ्याचे खासदार यशवंतराव लोकसभेत विरोधी पक्षनेते झाले आणि त्याच वर्षी या पदाला कायद्याने वेतन व दर्जा मिळाला. आणीबाणीतल्या ४२व्या घटनादुरुस्तीने न्यायालयांच्या अधिकारांना घातलेल्या मर्यादा ४३व्या दुरुस्तीने काढल्या. राज्यसभेत बहुमत काँग्रेसचे होते. काँग्रेसच्या मतांशिवाय हे विधेयक मंजूर होणे शक्य नव्हते. आपल्याच सरकारने केलेली दुरुस्ती मागे घ्यायला विरोधात बसून हातभार लावणे, हे या संकल्पनेचे भारतातले फार मोलाचे उदाहरण मानावे लागेल. सहकार्य म्हणजे शरणागती मात्र नव्हती: जुलै १९७९ मध्ये मोरारजी देसाई सरकारवरचा अविश्वास ठराव यशवंतरावांनीच मांडला आणि देसाईंनी राजीनामा दिला.

सरकारी खर्च तपासणाऱ्या संसदेच्या लोकलेखा समितीचे अध्यक्षपद १९६७ पासून प्रथेने विरोधकांकडे असते. लोकपाल, सीबीआय संचालक यांच्या निवड समित्यांत विरोधी पक्षनेत्याला स्थान आहे. महानगरपालिकांतही हे पद असते, सांगली-मिरज-कुपवाडमध्येसुद्धा. तरीही २०१४ ते २०२४ या काळात लोकसभेत ते रिकामे राहिले, कारण कोणत्याही विरोधी पक्षाकडे एकदशांश जागा नव्हत्या. ही अट १९७७ च्या कायद्यात नाही. विरोधातला सर्वांत मोठा पक्ष आणि अध्यक्षांची मान्यता, एवढेच त्यात म्हटले आहे.