रॉबर्ट हार्ट : चिनी सागरी जकात खात्याचा महानिरीक्षक आणि त्याचे दप्तर

हार्ट, सर रॉबर्ट : (२० फेब्रुवारी १८३५ – २० सप्टेंबर १९११). चीनच्या शाही सागरी जकात खात्याचा महानिरीक्षक. जन्म आयर्लंडमधील पोर्टाडाऊन येथे, मेथडिस्ट कुटुंबात. बारा भावंडांत तो थोरला. १८६३ पासून मृत्यूपर्यंत महानिरीक्षकपद त्याच्याच नावावर होते. प्रत्यक्ष कारभार त्याने एप्रिल १९०८ पर्यंत पाहिला. तो ब्रिटिश प्रजाजन होता, पण पगार चिंग या चीनच्या तत्कालीन राजघराण्याच्या दरबाराचा घेत होता, आणि ज्या व्यापाऱ्यांकडून जकात वसूल करायची त्यांत मोठा वाटा त्याच्याच देशबांधवांचा होता. या तिढ्यात काढलेले अर्धशतक त्याने रोजच्या रोज कागदावर उतरवून ठेवले. त्यामुळे एकोणिसाव्या शतकातील चीनचा अभ्यास करणाऱ्याला हार्टच्या चरित्राइतकेच त्याचे दप्तरही महत्त्वाचे वाटते.

बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजात पंधराव्या वर्षी दाखल होऊन अठराव्या वर्षी, १८५३ मध्ये, तो बी. ए. झाला. पुढच्याच वर्षी ब्रिटिश परराष्ट्र खात्याने चीनमधील वाणिज्य वकिलातींसाठी कॉलेजकडे उमेदवार मागितला आणि हार्टची निवड झाली. हाँगकाँगमार्गे तो निंगपो बंदरात पोहोचला. तेथे दुभाष्याच्या उमेदवारीत तो चिनी भाषा शिकला. १८५८ मध्ये त्याची बदली कँटनला झाली. ते शहर त्या वेळी ब्रिटिश व फ्रेंच फौजांच्या ताब्यात होते. १८५९ मध्ये त्याने ब्रिटिश नोकरी सोडली आणि कँटनच्या जकात कचेरीत उपायुक्त म्हणून चिनी सेवेत प्रवेश केला.

हे खातेच मुळी एका अडचणीतून जन्मले होते. सप्टेंबर १८५३ मध्ये ‘छोटी तलवार’ नावाच्या गुप्त संघटनेच्या बंडखोरांनी शांघायचे तटबंदीतले शहर घेतले आणि जकात कचेरी बंद पडली. परकीय सत्तांशी झालेल्या तहांनुसार जकात तर द्यायची होती, पण घेणारा कोणी उरला नव्हता. जुलै १८५४ मध्ये ब्रिटिश, फ्रेंच आणि अमेरिकी वाणिज्य वकिलांनी शांघायच्या चिनी अधिकाऱ्याशी करार करून तीन परदेशी निरीक्षक नेमले. तात्पुरती म्हणून केलेली ही सोय चिनी सरकारला सोयीची वाटली, कारण पूर्वी वाटेतच गळणारा पैसा आता तिजोरीत पोहोचू लागला. १८५८ च्या तिन्त्सिन तहानंतर ती इतर बंदरांनाही लागू झाली.

पहिला महानिरीक्षक होरेशियो नेल्सन ले. चिनी दरबाराने त्याच्यामार्फत इंग्लंडमध्ये आगबोटींचा एक ताफा खरेदी केला. पण या ताफ्याचा कप्तान शेरर्ड ऑस्बर्न फक्त सम्राटाची आज्ञा पाळेल, आणि तीसुद्धा आपल्या हातून आली तरच, असा आग्रह लेने धरला. दरबाराचा परराष्ट्र कारभार पाहणारे राजपुत्र कुंग यांना हे मान्य होणे शक्यच नव्हते. १८६३ च्या नोव्हेंबरमध्ये ताफा मोडीत निघाला, काही जहाजे विक्रीसाठी मुंबईला पाठवली गेली आणि लेला बडतर्फ करण्यात आले. त्याच्या जागी अठ्ठावीस वर्षांचा हार्ट आला. लेच्या रजेच्या काळात त्याने हंगामी काम पाहिलेच होते, आणि राजपुत्र कुंग व मंत्री वेनशियांग यांचा विश्वासही मिळवला होता.

ले जिथे घसरला तिथेच हार्टने पहिली खूण रोवली. २१ जून १८६४ च्या आठव्या परिपत्रकात त्याने आपल्या परदेशी हाताखालच्यांना बजावले की हे खाते चिनी आहे, परदेशी नाही. आपण चिनी सरकारचे पगारी नोकर आहोत. तेव्हा चिनी अधिकारी आणि सामान्य लोक यांच्याशी वागताना त्यांचा अवमान होईल असे काहीही करायचे नाही. तोफांच्या जोरावर बंदरे उघडली गेली त्याला चार वर्षेही झाली नव्हती. अशा वेळी एका तरुण युरोपियनाने युरोपियनांना हे लेखी सांगावे, याचे मोल कमी लेखता येणार नाही. तरीही वरच्या जागा परदेशी लोकांकडेच राहिल्या. हार्टच्या हयातीत एकही चिनी माणूस आयुक्तपदी कायम झाला नाही. परिपत्रकातले तत्त्व आणि खात्यातली बढतीची शिडी यांतले हे अंतर त्याच्या कारकिर्दीचे खरे उणे आहे.

बंदरात काम कसे चाले ते पाहण्यासारखे आहे. जहाज नांगरले की खात्याचा पहारेकरी त्यावर चढे आणि माल उतरेपर्यंत तिथेच राही. मालाची यादी कचेरीत जाई. तपासनीस पेट्या फोडून पाहत, चहा आणि रेशीम तराजूवर चढे, वजन व प्रत पाहून जकात ठरे. मग व्यापाऱ्याच्या हातात एक चिठ्ठी पडे. ती घेऊन तो चिनी पेढीवर जाई, तिथे चांदी भरी, पावती आणी, आणि पावती दाखवल्यावरच माल सुटे. चांदी परदेशी अधिकाऱ्यांच्या हातून जातच नसे. आकारणी आणि हिशेब हार्टच्या माणसांचा, पैसा चिनी अधीक्षकाच्या पेढीत, आणि दोन्हीकडचे आकडे दर तिमाहीला जुळलेच पाहिजेत. खात्याची प्रामाणिकपणाची ख्याती या साध्या विभागणीवर उभी होती. १८६० च्या दशकाच्या मध्यात वर्षाला सुमारे ८० लाख टेल (चांदी मोजण्याचे चिनी वजन) चांदी जमा होत असे. हार्टने चीन सोडला तेव्हा हा आकडा ३ कोटी टेलांच्या वर गेला होता.

जकातीचा दर मात्र चीनच्या हातात नव्हता. तहांनी तो सरसकट साधारण ५ टक्क्यांवर बांधून टाकला होता आणि परकीय सत्तांच्या संमतीशिवाय तो वाढवता येत नव्हता. वसुली चोख, दर परक्यांनी ठरवलेला. १८९४-९५ च्या जपानशी झालेल्या युद्धानंतर आणि पुढे ‘बॉक्सर’ या परकीयविरोधी उठावाबद्दल १९०१ मध्ये लादलेल्या ४५ कोटी टेलांच्या नुकसानभरपाईनंतर तर हीच चोख वसुली परदेशी कर्जांचे आणि दंडाचे तारण बनली. हार्टने उभे केलेले यंत्र जितके विश्वासार्ह, तितके ते गहाण टाकायला सोपे. त्याची नियत स्वच्छ मानली तरी हा परिणाम नजरेआड करता येत नाही.

जकातीच्या आडून खात्याने बरीच कामे अंगावर घेतली. जहाजांवरील वजनकराच्या उत्पन्नातून किनाऱ्यावर दीपगृहे, बोयरे आणि दिशादर्शक खुणा उभ्या राहिल्या. पेकिंगच्या तुंगवेनक्वान या भाषाशाळेचा खर्च जकातीतून चाले. २० मार्च १८९६ रोजी स्थापन झालेले शाही टपाल खाते सुरुवातीला हार्टच्याच हाताखाली होते. व्यापाराची आकडेवारी नियमाने छापली जाई, आणि १८७१ पासून बंदरांतल्या खात्याच्या डॉक्टरांचे वैद्यकीय अहवालही. आमॉय बंदरातला असाच एक डॉक्टर, पॅट्रिक मॅन्सन, याने हत्तीरोगाच्या जंतांचा विकास डासाच्या शरीरात होतो हे १८७७ मध्ये शोधून या अहवालांत मांडले. पुढे त्याच्याच प्रेरणेने रोनाल्ड रॉसने सिकंदराबादेत डासाच्या शरीरातले हिवतापाचे परजीवी शोधले. जकात खात्याच्या छपाईतून आपल्या देशातल्या हिवतापापर्यंत पोहोचणारा हा धागा फार कमी लोकांना माहीत आहे.

हिंदुस्थानशी सर्वांत जड संबंध अफूचा. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जाई, बंगालची कलकत्त्याहून. चिनी बंदरात दर पिकुलामागे, म्हणजे सुमारे ६० किलोंमागे, ३० टेल जकात होती. शिवाय प्रांताप्रांतांत ‘लिकिन’ नावाचा नाक्यांवरचा कर वेगळा. हाँगकाँग व मकावमधून चोरटी अफू मुक्तपणे किनाऱ्यावर उतरत असल्याने दोन्ही बुडत. १८८७ पासून जकात आणि लिकिन मिळून पिकुलामागे ११० टेल एकरकमी बंदरातच घेण्याची पद्धत सुरू झाली, आणि हाँगकाँग व मकावच्या वेशीवर कौलून आणि लाप्पा या नव्या कचेऱ्या उघडल्या. पोर्तुगालचे सहकार्य मिळावे म्हणून हार्टने आपला लंडनमधला प्रतिनिधी जेम्स डंकन कँबेल याला लिस्बनला पाठवले. २६ मार्च १८८७ च्या लिस्बन मसुद्यात चीनने मकाववरचा पोर्तुगालचा कायम ताबा मान्य केला. १८४४ पर्यंत गोव्याच्या अखत्यारीत असलेल्या या वसाहतीचे भवितव्य अफूच्या जकातीच्या हिशेबात ठरले. हार्टने अफूचा व्यापार नियमित केला, थांबवला नाही. माळव्याचे शेतकरी, मुंबईचे दलाल, हिंदुस्थान सरकारची तिजोरी आणि चिनी दरबार हे सगळेच त्या उत्पन्नावर अवलंबून होते. तरी चीनच्या घराघरांत जे चालले होते ते पाहता हा युक्तिवाद पुरेसा वाटत नाही.

मुत्सद्देगिरीतही तो दरबाराच्या कामी आला. १८८४-८५ चे फ्रान्सशी युद्ध मिटवणारा प्राथमिक करार ४ एप्रिल १८८५ रोजी पॅरिसमध्ये झाला. चीनच्या वतीने त्यावर सही केली ती कँबेलने, पेकिंगहून तारेने येणाऱ्या हार्टच्या सूचनांनुसार. त्याच वर्षी ब्रिटनने त्याला पेकिंगमधील आपला राजदूत नेमले. त्याने आधी होकार दिला, मग नकार कळवून जकात खात्यातच राहिला. सिक्कीम-तिबेट सीमेच्या वाटाघाटींत त्याचा भाऊ जेम्स हार्ट चिनी प्रतिनिधीबरोबर होता. १८९० चा करार कलकत्त्यात झाला.

घरगुती आयुष्य एकाकी होते. निंगपोच्या दिवसांत आयाऊ नावाच्या चिनी स्त्रीशी त्याचा संबंध जुळला आणि त्यांना तीन मुले झाली. १८६६ मध्ये ती मुले इंग्लंडला पाठवली गेली आणि परक्या घरात, हार्टच्या खर्चाने वाढली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याने डब्लिन येथे हेस्टर ब्रेडनशी लग्न केले. १८८२ मध्ये ती तीन मुलांना घेऊन युरोपला परतली आणि पतिपत्नी दोन तपांच्या आसपास एकमेकांपासून दूर राहिले. पेकिंगच्या घरी हार्ट उंच मेजापाशी उभा राहून लिही, व्हायोलिन व चेलो वाजवी, आणि चिनी वादकांचा एक बँड त्याने हौसेने पोसला होता.

दप्तर : हार्टची रोजनिशी ७७ खंडांची आहे; पहिली नोंद ऑगस्ट १८५४ ची, शेवटची एप्रिल १९०८ ची. हे खंड उरले हेच नशीब. जून १९०० मध्ये बॉक्सर उठावात त्याचे घर जळून खाक झाले, पण रोजनिशीचे खंड वाचले. पेकिंगमधल्या परदेशी वकिलातींना बंडखोरांनी घातलेला वेढा ५५ दिवस चालला. लंडनच्या ‘टाइम्स’ने जुलैत त्याचा मृत्युलेखही छापला. वेढा उठल्यावर त्याने लंडनला तार केली : सर्वस्व गेले, पण मी ठीक आहे, कचेरीत घालायचे कपडे आणि बूट पाठवा. मग पासष्ट वर्षांचा हा माणूस पुन्हा कामाला बसला आणि चीनशी समजुतीने वागावे, असे लेख युरोपीय नियतकालिकांत लिहू लागला.

खंडांत दोन मोठी खिंडारे आहेत. १८५५ च्या मध्यापासून १८५८ च्या आरंभापर्यंतचा आणि १८५८ च्या अखेरीपासून १८६३ पर्यंतचा काळ गायब आहे. हेच आयाऊचे दिवस. ती पाने हार्टनेच नष्ट केली, असा संपादकांचा निष्कर्ष आहे आणि तो पटतो. रोजच्या हवामानापासून राजपुत्राच्या शब्दांपर्यंत सगळे टिपणाऱ्या माणसाने नेमके हेच वगळले. त्या स्त्रीची बाजू सांगणारा कागद त्यामुळे कुठेच नाही.

मूळ खंड आज बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात आहेत. अक्षर बारीक आणि उत्तरोत्तर अवघड होत गेलेले, त्यामुळे लिप्यंतराचे काम चिकाटीचे. १८५४ ते १८६६ या काळातील नोंदी कॅथरीन ब्रूनर, जॉन फेअरबँक आणि रिचर्ड स्मिथ यांनी दोन ग्रंथांत संपादित केल्या (१९८६ व १९९१). त्याआधी १९७५ मध्ये हार्टने कँबेलला १८६८ ते १९०७ या काळात लिहिलेली १,४०० हून अधिक पत्रे दोन खंडांत प्रसिद्ध झाली. रोजनिशीपेक्षा ही पत्रे वाचायला सरस आहेत. त्यांत एकाच पानावर फ्रान्सशी चाललेली बोलणी, बँडसाठी मागवलेली वाद्ये, एखाद्या नातेवाइकाची शिफारस आणि मंत्र्यांबद्दलची रोखठोक मते येतात. आप्तांना खात्यात घेण्याची त्याची सवयही यांतून दिसते. मेव्हणा रॉबर्ट ब्रेडन त्याचा उपप्रमुख होता आणि भाचा फ्रेडरिक मेझ पुढे १९२९ मध्ये महानिरीक्षक झाला.

१९०६ मध्ये दरबाराने खात्यावर नवे महसूल मंडळ बसवले आणि हार्टचा दरबाराशी थेट संबंध तुटला. दोन वर्षांनी तो रजेवर इंग्लंडला गेला. १९११ मध्ये मार्लोजवळ त्याचे निधन झाले. दफन बिशम येथे झाले. शांघायच्या ‘बंड’ या नदीकाठच्या रस्त्यावर १९१४ मध्ये उभारलेला त्याचा पुतळा जपानी अंमलात हटवला गेला.

दप्तराची दुसरी बाजू नानजिंगमध्ये आहे. चीनच्या द्वितीय ऐतिहासिक अभिलेखागारात सागरी जकात खात्याच्या ५० हजारांहून अधिक फायली आहेत : परिपत्रके, बंदरांचे अहवाल, नोकरांच्या नोंदी. विसाव्या शतकाच्या अखेरीस त्या संशोधकांना खुल्या झाल्या, सूक्ष्मफितींवरही आल्या, आणि तेव्हापासून हार्टने पेकिंगमधून लिहिलेल्या खासगी मतांना बंदराबंदरांतल्या कचेरीच्या कागदांशी ताडून पाहता येते. चिनी कारकून, खलाशी आणि दीपगृहांचे रखवालदार यांची नावे हार्टच्या पत्रांत क्वचितच येतात. या फायलींमध्ये मात्र ती पगार, बदली आणि शिक्षेच्या नोंदींसह सापडतात.