प्लायोसीन की प्लाइस्टोसीन?

पृथ्वीच्या इतिहासातल्या लागोपाठच्या दोन युगांची ही नावं इंग्रजी मजकुरात एकाच परिच्छेदात आली की वाचणाऱ्याचा घोळ ठरलेला. त्यात वाचणाऱ्याचा दोष नाही. प्लाइस्टोसीन हे मुळात प्लायोसीनमधूनच कापून काढलेलं युग आहे आणि बारसं करणाऱ्यानं नावंही जुळ्यांना ठेवावीत तशी ठेवली.

आजचा हिशेब असा: प्लायोसीन ५३.३ लाख वर्षांपूर्वी सुरू होतं आणि २५.८ लाख वर्षांपूर्वी संपतं. तिथून पुढे ११,७०० वर्षांपूर्वीपर्यंत प्लाइस्टोसीन. त्यानंतरचं, म्हणजे आपलं, होलोसीन. पाठ करायचंच असेल तर नाव लांब ते नंतरचं, एवढं पुरे.

ही नावं चार्ल्स लायेल या ब्रिटिश भूवैज्ञानिकाची. थरांचं वय वर्षांत मोजायची सोय १८३३ मध्ये नव्हती, म्हणून त्यानं वेगळी युक्ती केली. एखाद्या थरात सापडलेल्या शंखशिंपल्यांच्या जातींपैकी किती आजही समुद्रात जिवंत आहेत, ते बघायचं. जितक्या जास्त, तितका थर अलीकडचा. पॅरिसचे शंखतज्ज्ञ देशाये यांनी ही मोजदाद केली. इओसीन या जुन्या युगाच्या थरांत शेकडा साडेतीनच्या आसपास, त्यानंतरच्या मायोसीनमध्ये सतरा-अठरा, प्लायोसीनमध्ये त्याहून बऱ्याच जास्त. नावं घडवायला केंब्रिजचे विल्यम ह्यूएल मदतीला होते. इंग्रजीतला ‘सायंटिस्ट’ हा शब्दही त्यांचाच. ग्रीकमध्ये ‘प्लेइऑन’ म्हणजे अधिक, ‘कैनॉस’ म्हणजे नवं. प्लायोसीन म्हणजे ‘अधिक नवं’. पुढे १८३९ मध्ये लायेलनं त्यातला सर्वांत वरचा, जवळपास आजच्याच शिंपल्यांचा भाग वेगळा काढला आणि त्याला ‘प्लेइस्टॉस’, म्हणजे ‘सर्वाधिक’, जोडलं. झालं प्लाइस्टोसीन.

म्हणजे दोन्ही नावांत ना बर्फ आहे, ना मॅमथ, ना माणूस. बर्फ आला १८४६ मध्ये, एडवर्ड फोर्ब्झ यांनी प्लाइस्टोसीन हा शब्द हिमकाळासाठी वापरला तेव्हा. लायेलला ते सुरुवातीला रुचलं नव्हतं, पण शब्द एकदा लोकांच्या तोंडी बसला की मूळ मालकाचं कोण ऐकतो! आज इंग्रजीत सर्रास ‘हिमयुग’ आणि प्लाइस्टोसीन एकाच अर्थानं वापरतात. ते निम्मंच बरोबर आहे. त्या काळात बर्फ सलग नव्हता. थंड आणि उबदार टप्प्यांची ये-जा होती, आधी सुमारे ४१,००० वर्षांच्या आणि नंतर साधारण लाखभर वर्षांच्या फेऱ्यांनी. शेवटच्या कडाक्यात, वीसेक हजार वर्षांपूर्वी, समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली गेला होता. मुंबईसमोरचा उथळ समुद्रतळ तेव्हा कोरडी जमीन होता.

प्लायोसीनचं चित्र नेमकं उलट. त्याच्या मधल्या काळात, ३० लाख वर्षांपूर्वीच्या सुमारास, हवेत कार्बन डायऑक्साइड आजच्या जवळपास म्हणजे दशलक्षात ४०० भागांच्या आसपास होता आणि पृथ्वी औद्योगिक क्रांतीपूर्वीपेक्षा अडीच ते चार अंशांनी गरम होती. म्हणून तापमानवाढीच्या बातमीत दोन्हींपैकी एक नाव दिसलं, तर ते बहुधा प्लायोसीन असतं. मॅमथ, निअँडरथल किंवा गुहाचित्रं आली की समजावं, प्लाइस्टोसीन. आफ्रिकेत सापाडा सापडलेली माणसाची प्रसिद्ध आदिम नातलग ‘लुसी’ मात्र ३२ लाख वर्षांपूर्वीची, म्हणजे प्लायोसीनची रहिवासी.

खरी अडचण पुढेच आहे. दोन्हींमधली सीमा एका जागी राहिलेली नाही. इटलीच्या कालाब्रियातल्या व्रिका इथल्या थरांवरून ती १९८० च्या दशकात १८ लाख वर्षांवर ठरली होती. भूमध्य समुद्रात थंड पाण्यातले जीव दिसू लागतात तो टप्पा, हा त्यामागचा विचार. पण उत्तर गोलार्धात मोठी थंडी त्याच्या कितीतरी आधीच पडू लागली होती, असा आक्षेप होता. बरीच वादावादी होऊन २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय भूविज्ञान संघटनेनं सीमा २५.८ लाखांवर नेली. प्लायोसीनची जवळजवळ आठ लाख वर्षं एका निर्णयात शेजाऱ्याकडे गेली. मेरी लीकी यांना १९५९ मध्ये टांझानियातल्या ओल्डुवाई घळीत सापडलेली आदिमानवाची कवटी सुमारे १८.५ लाख वर्षांची. जुन्या हिशेबानं ती प्लायोसीनच्या शेवटाला, नव्या हिशेबानं प्लाइस्टोसीनमध्ये. त्यामुळे २००९ पूर्वीचं पुस्तक हातात असेल तर युगाच्या नावावर विसंबू नये, वर्षांचा आकडा बघावा. पूर्व आफ्रिकेवर लिहिणारे अभ्यासक तर ‘प्लायो-प्लाइस्टोसीन’ असं जोडनाव वापरून मोकळे होतात. मला ते चलाखीपेक्षा प्रामाणिक वाटतं.

नुसतं ‘प्लाइस्टोसीन’ म्हणूनही फारसं काही कळत नाही, इतकं ते लांब आहे. जुन्नर तालुक्यात कुकडीकाठच्या बोरीला ज्वालामुखीच्या राखेचा थर आणि दगडी हत्यारं सापडली. ही राख सुमात्रातल्या तोबाच्या सुमारे ७५,००० वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची, असं एक मत. ती साडेसहा लाख वर्षांच्याही मागची, असं दुसरं. दोन्ही तारखा प्लाइस्टोसीनच्याच! फरक दाखवायला इंग्रजीत पुढे ‘लेट’ किंवा ‘मिडल’ लावावं लागतं. पहिली तारीख लेटमध्ये जाते, दुसरी मिडलमध्ये. दोन्हींची सीमा आहे १.२९ लाख वर्षं.

तिथेही एक खाच आहे. काळाबद्दल बोलताना ‘अर्ली’ आणि ‘लेट’, खडकांच्या थरांबद्दल बोलताना ‘लोअर’ आणि ‘अपर’. अर्ली प्लायोसीनमध्ये प्राणी जगतो. त्याचं हाड मिळतं ते लोअर प्लायोसीनच्या थरात. भाषांतरात दोन्हींना सरसकट ‘पूर्व’ म्हटलं की हा भेद बुडतो.